झाकलेलं काम: नव्या घराच्या दुरुस्तीत आम्ही कसे फसलो

जुना फ्लॅट घेतलाय आणि राहायला जाण्याआधी काम काढायचंय, अशांनी पहिला ॲडव्हान्स देण्याआधी हे वाचावं एवढ्यासाठी लिहितेय. आमचे ६ लाख ५५ हजार रुपये गेले, झालेल्या कामातलं बरंचसं तोडून पुन्हा करावं लागलं, आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या घराचं छत आमच्यामुळे खराब झालं. पैशांपेक्षा या शेवटच्या गोष्टीचा त्रास मला जास्त झाला.

नोव्हेंबर २०२४ मध्ये आम्ही डोंबिवली पूर्वेला दुसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके रीसेलमध्ये घेतला. इमारत वीस वर्षांची, भिंती चांगल्या, पण दोन्ही बाथरूम, वायरिंग आणि किचन जुनं. कर्जाचा हप्ता सुरू झाला आणि भाड्याच्या घराचं भाडंही चालूच होतं. ३० मार्च २०२५ ला गुढीपाडवा होता, त्या दिवशी गृहप्रवेश करायचं आम्ही ठरवलं आणि ही तारीख ठेकेदाराला पहिल्याच भेटीत सांगून टाकली. ती सांगायला नको होती. पुढे प्रत्येक वेळी पैसे मागताना त्याने तीच वापरली. "पाडवा चुकवायचा नसेल तर आजच टाका ताई, दुकानदार थांबत नाही."

मी सकाळी सातच्या आधीची लोकल पकडते आणि घरी यायला साडेआठ होतात. नवऱ्याची अंबरनाथला शिफ्ट ड्युटी. म्हणजे आठवडाभर काम बघायला आमच्यापैकी कोणीच नाही. ठेकेदार रोज संध्याकाळी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवायचा आणि ते बघून आम्हाला वाटायचं की काम आपल्या डोळ्यांसमोर चाललंय.

माणूस ओळखीतून आलेला. नवऱ्याच्या एका सहकाऱ्याकडे त्याने टीव्ही युनिट केलं होतं, ते आम्ही दहा मिनिटं पाहून आलो. बोलायला नम्र, ऑफिसचा गाळा होता, थ्रीडी चित्रं सुंदर करून दिली. एकूण कामाचा आकडा ७ लाख ४० हजार. कोटेशनवर ठळक लिहिलेलं: किचन आणि सगळ्या कपाटांना १८ एमएम मरीन प्लाय, आयएस ७१० (पाण्यात टिकणाऱ्या प्लायचं भारतीय मानक), बाथरूमला पूर्ण वॉटरप्रूफिंग, गीझरला वेगळी चार एमएमची वायर. कागदावर एकही गोष्ट कमी नव्हती. पाच हजार कमी करा म्हणून आम्ही घासाघीस केली तेव्हा त्याने लगेच मान्य केलं, याचं मला तेव्हा बरं वाटलं होतं.

५० टक्के आधी मागितले. त्यातले दीड लाख रोख, कारण "बिल केलं तर १८ टक्के जीएसटी तुम्हालाच भरावा लागेल". पुढेही एकदा एक लाख रोख दिले. असे अडीच लाख गेले आणि त्यांची एकही पावती आमच्याकडे नाही. जीएसटी वाचवायच्या नादात आम्ही आमचाच पुरावा पुसून टाकला. हे वाचणाऱ्या कोणी तेच करायच्या बेतात असेल तर कृपा करून थांबा. कोटेशनवर त्याचा १५ अंकी-अक्षरी जीएसटी नंबर छापलेला होता, सुरुवातीला महाराष्ट्राचा २७ वगैरे सगळं बरोबर. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर आहे आणि चालू आहे की रद्द, हे फुकट दिसतं. मी तो नंबर टाकून पाहिला ते सप्टेंबरमध्ये. वेगळ्याच नावाचा होता, आणि रद्द झालेला.

आता प्लायचं सांगते, कारण खरा खेळ तिथे झाला.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी आम्ही साइटवर गेलो तेव्हा हॉलमध्ये भिंतीला टेकवून प्लायच्या शीट उभ्या होत्या. ठेकेदाराने समोरच्या शीटवरचा शिक्का बोट ठेवून दाखवला: आयएसआयची खूण, वर आयएस ७१०, खाली लायसन्सचा नंबर. नवऱ्याने फोटो काढला. त्या शीटचा खालचा एक कोपरा तुटलेला होता आणि त्यावर निळ्या खडूने काहीतरी आकडा लिहिलेला. आम्ही समाधानाने घरी आलो आणि त्याच रात्री १ लाख ८५ हजारांचा दुसरा हप्ता पाठवला.

मागे उभ्या असलेल्या शीट आम्ही पुढे ओढून पाहिल्या नाहीत.

मरीन प्लाय आणि साधा कमर्शियल प्लाय यात फरक गोंदाचा आणि आतल्या लाकडाचा असतो. ७१० चा तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवला तरी त्याचे थर सुटता कामा नयेत, अशी मानकाची चाचणी आहे. कमर्शियल, म्हणजे आयएस ३०३ या मानकातला एमआर (ओलावा सोसणारा) ग्रेड, फक्त दमट हवेपुरता असतो. सिंकखाली तो टिकत नाही. पण एकदा वरून सनमायका आणि कडेला पट्टी बसली की दोन्ही अगदी सारखे दिसतात. सुतार दुसऱ्या आठवड्यात आले आणि चार दिवसांत किचनचे सगळे बॉक्स उभे राहिले, आतून-बाहेरून सनमायका लागलेले. एवढा वेग पाहून मी माझ्या आईला फोन करून कौतुकाने सांगितलं होतं.

पाडव्याला आम्ही राहायला गेलो. बेडरूमचं कपाट अर्धवट, पीओपीला शेवटचा हात नाही, गॅलरीचं काम सुरूच झालेलं नाही. "चैत्रात पूर्ण करतो," म्हणाला. तोवर आम्ही त्याला ६ लाख ५५ हजार दिलेले होते. हातात धरून ठेवायला ८५ हजारच उरले होते, आणि तेवढ्यासाठी त्याला परत येण्याची गरज नव्हती. एप्रिलमध्ये तो दोनदा आला. मे महिन्यात फोन उचलणं बंद झालं आणि गाळ्याला दुसऱ्याच धंद्याची पाटी लागली.

२०२५ साली पाऊस लवकर आला, मेच्या शेवटच्या आठवड्यातच. जूनमध्ये एका रविवारी सकाळी खालच्या काकू वर आल्या. आवाज चढवला नाही. "बाळा, जरा खाली येऊन बघतेस का?" एवढंच म्हणाल्या. त्यांच्या बाथरूमच्या आणि लागून असलेल्या पॅसेजच्या छताला पिवळे डाग पडले होते आणि रंगाचे पोपडे ताटभर जमा झाले होते. मला वाटलं पावसाचं पाणी असेल. प्लंबरने दोन दिवस आमचं ते बाथरूम बंद ठेवायला सांगितलं. दोन दिवस बंद ठेवलं तर ठिबकणं थांबलं. पाणी आमचंच होतं.

जुनी लादी काढताना खालचा बॅटकोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) आणि त्यावरचं वॉटरप्रूफिंग दुखावतं, म्हणून नवी लादी बसवण्याआधी ते पुन्हा करायचं असतं. मग नहाणी ट्रॅपचं, म्हणजे पाणी वाहून जायच्या जाळीखालच्या भांड्याचं, तोंड बंद करून बाथरूममध्ये पाणी भरून ठेवायचं, भिंतीवर पातळीची खूण करायची, निदान ४८ तास थांबायचं आणि खालच्या घरात जाऊन छत पाहायचं. आमच्या ठेकेदाराने ही टेस्ट केल्याचा फोटो पाठवला होता. काकूंकडून परत आल्यावर मी तो फोटो शोधून मोठा करून पाहिला. फोटोतल्या बाथरूमची खिडकी दाराच्या समोर होती. आमची खिडकी डाव्या हाताला आहे. तो दुसऱ्याच कोणाच्या घराचा फोटो होता आणि चार महिने माझ्या फोनमध्ये पडून होता.

लादी उखडली तेव्हा खाली सिमेंट-वाळूच्या थराशिवाय काही नव्हतं.

त्याच आठवड्यात सिंकखालच्या कपाटाचं दार बंद होईना. गवंडी घरात होताच, त्याने तळाची सनमायका पटाशीने उचलली. आतला प्लाय फुगून त्याचे थर सुटले होते आणि बोटाने दाबला की ओल्या पुठ्ठ्यासारखा दबत होता. जाडी मोजली, १६ एमएम. मग मी दुसऱ्या सुताराकडून बेडरूमच्या कपाटाची मागची फळी काढून घेतली, कारण बिजागऱ्या, ड्रॉवरची चॅनेल आणि आतली लाकडं सगळीच मला खोटी वाटायला लागली होती. तिथेही कमर्शियलच. आणि मापंही खोटी. एका कपाटाचा दर्शनी भाग ६ फूट ८ इंच गुणिले ७ फूट ९ इंच, म्हणजे सुमारे ५१.७ चौरस फूट. त्याने दोन्ही मापं वर ओढून ७ गुणिले ८, असे ५६ चौरस फूट लावले होते. चौरस फुटाचा दर १,४५० धरला तर एका कपाटात सव्वासहा हजार रुपये जास्त. टेप आमच्या घरात होती. मोजायला पाच मिनिटंही लागली नसती.

वायरिंगचा प्रकार मात्र पैशांचा नव्हता, जिवाचा होता. गीझर आणि पाणी गरम करणारं वॉशिंग मशीन एकाच वेळी चालू केलं की बाथरूमबाहेरच्या स्विचबोर्डाजवळ जळका वास यायचा. इलेक्ट्रिशियनने बोर्ड उघडला तर दोन्हींना मिळून एकच वायर, तीही दीड एमएमची. आवरण तपकिरी होऊन कडक झालं होतं. वर एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, २५ अँपिअरचा. म्हणजे वायर तापून जळेपर्यंत एमसीबी पडणारच नव्हता. घरात माझी सहा वर्षांची मुलगी त्या बोर्डाशेजारून दिवसातून वीस वेळा जाते. हे आठवलं की अजूनही माझ्या अंगावर काटा येतो.

पोलिसांकडे गेलो. काम अर्धवट सोडणं ही दिवाणी बाब आहे असं सांगून त्यांनी फक्त अर्ज घेतला. वकिलांमार्फत पाठवलेली नोटीस "पत्त्यावर राहत नाही" असा शेरा घेऊन परत आली. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आणि ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात केस दाखल केली. ज्यांना कोर्टाच्या खर्चाची भीती वाटते त्यांच्यासाठी सांगते: दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, आमच्या रकमेला २०० रुपये लागले. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. फुगलेल्या प्लायचे तुकडे, जळकी वायर, सगळे चॅट, बँकेच्या नोंदी मी एका पेटीत जपून ठेवल्या आहेत. रोख दिलेल्या अडीच लाखांसाठी मात्र त्या पेटीत काहीच नाही.

सप्टेंबरमध्ये ओळखीतून कल्याणच्या एका ताईंचा पत्ता लागला. त्यांनीही याच माणसाकडून काम करून घेतलं होतं, आमच्यानंतर महिनाभराने. आम्ही दोघींनी फोटो समोरासमोर ठेवले. त्यांच्या हॉलमध्ये भिंतीला टेकवलेल्या प्लायवर तोच शिक्का होता, खालचा तोच कोपरा तुटलेला होता आणि त्यावर निळ्या खडूचा तोच आकडा. ती शीट कोणाच्याच घरात कापली जात नव्हती. ती दाखवायला नेली जात होती आणि दाखवून झाली की पुढच्या घरी जात होती. आम्ही दोघी बराच वेळ काही बोललो नाही.

दुसऱ्यांदा काम केलं ते थोडं थोडं करून, आणि फक्त बाथरूम, किचन आणि वायरिंगचं. माल मी स्वतः दुकानात जाऊन पक्क्या बिलावर घेतला. प्रत्येक शीटवरचा लायसन्स नंबर भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून पाहिला, कंपनीचं नाव जुळतंय का ते तपासलं, आणि शीट घरात आल्यावर प्रत्येकीवर मार्करने माझी सही केली. कापलेल्या तुकड्यांपैकी एक घेऊन पातेल्यात चार तास उकळला. जुन्या किचनचा तुकडाही शेजारच्या पातेल्यात टाकला होता, त्याचे थर तासाभरातच सुटायला लागले. सनमायका लावण्याआधी, वायर पाइपात ओढल्यावर बोर्ड बंद करण्याआधी, आणि लादी बसवण्याआधी, अशा तीन वेळी मी रजा घेतली. तीन दिवसांचा पगार कापला गेला. सुतार नाराज झाला नाही. "ताई, बघून घ्या, आम्हालाही बरं," म्हणाला. पैसे जेवढं काम झालं त्याच्या मागे राहूनच दिले, आणि शेवटचे २० टक्के एक महिना वापरून झाल्यावर. त्याने ही अट ऐकून काम नाकारलं नाही. आधीच्या दोघांनी नाकारलं होतं, त्यांना मी नमस्कार करून परत पाठवलं.

बाथरूममध्ये पाणी भरलं ती शुक्रवारची रात्र होती. पेन्सिलने भिंतीवर रेघ मारली. शनिवारी सकाळी काकूंकडे गेले, संध्याकाळी गेले, रविवारी पुन्हा दोनदा गेले. प्रत्येक वेळी काकूंनी स्टूल काढून ठेवलेलं असायचं. रविवारी रात्री त्या स्वतःच स्टुलावर चढल्या, तळहात छताला लावून थोडा वेळ तसाच ठेवला आणि म्हणाल्या, "कोरडं आहे ग."

त्यांच्या छताचा रंग आम्ही करून दिला. केसची पुढची तारीख पडली आहे. बेडरूमचं कपाट अजून तसंच अर्धवट आहे, कपडे आम्ही बॅगांमध्ये ठेवतो.