तपकीर गल्लीतला होडीचा १२ व्होल्टचा सेट: बॅटरी ठेवा, वायर बदला

भिगवणच्या बाजूला उजनीच्या पाण्यात रात्री जाळं टाकणाऱ्या होडीसाठी पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या एका दुकानातून बांधून घेतलेला हा सेट. त्यात १२.८ व्होल्ट ६० एएचची (ॲम्पिअर-तास, म्हणजे साठवणीचं माप) लिथियम फॉस्फेट बॅटरी, १०० वॉटचं सोलर पॅनेल, सोलरमधून बॅटरीत जाणारा करंट सांभाळणारा २० ॲम्पिअरचा चार्ज कंट्रोलर, सहा फ्यूजचा डबा, स्विचपॅनेल आणि एक एमएमच्या (म्हणजे एक चौरस मिलिमीटर जाडीच्या) वायरचं बंडल येतं. बॅटरी चोख आहे. वायर होडीच्या कामाची नाही.

आधी बॅटरीचं माप. २० वॉटचा एलईडी झोत पावणेदोन ॲम्पिअर खातो, लाल-हिरवे-पांढरे दिवे मिळून अर्धा, पाण्यातले मासे दाखवणारा फिशफाइंडर पाऊण-एक. म्हणजे तीन ॲम्पिअरच्या आसपास. सहा तासांचे अठरा, त्यात पाणी उपसायच्या पंपाचे दोन धरले की रात्रीला २० एएच झाले. साठमधले ८० टक्के बिनधास्त वापरता येतात, म्हणजे ऊन पडलं नाही तरी दोन रात्री निघतात. दुकानात १५० एएचच्या ट्यूब्युलरचा (ॲसिडच्या जड बॅटरीचा) आग्रह होतो, तो मानू नका. घरच्या इन्व्हर्टरला ती उत्तम, पण होडी कलली की ॲसिड सांडतं, बंद पेटीत हायड्रोजन साठतो आणि पन्नास किलोचं ओझं कायमचं एका बाजूला बसतं. ही लिथियम सात किलोच्या आसपास आहे.

तिची एक खोड लक्षात ठेवा. चार्ज बराच उतरला तरी व्होल्टेज १३च्या आसपासच राहतं आणि मग बीएमएस (बॅटरीच्या आतलं संरक्षक सर्किट) एकदम पुरवठा तोडतो. त्यामुळे स्विचपॅनेलवरच्या व्होल्टमीटरवर विसंबू नका, शंट (आत-बाहेर जाणारा करंट मोजणारी पट्टी) असलेला एएच मीटर लावा. इंजिन सेल्फ-स्टार्टचं असेल तर त्याला वेगळी बॅटरी हवी; स्टार्टरचा झटका या बीएमएसला पेलत नाही.

आता वायर. बॅटरी मागे, स्विचपॅनेल पुढे, मधे सहा मीटर, जाऊन-येऊन बारा. सगळं चालू असताना पंपासकट सहा ॲम्पिअर वाहतात. एक एमएमच्या वायरीत तेवढ्यात १.३ ते १.४ व्होल्ट गळतात. पंप मंदावतो, फिशफाइंडर बॅटरी कमी असल्याचं दाखवतो आणि दोष बिचाऱ्या बॅटरीवर येतो. मुख्य लाइन चार एमएमची टाकली की ही गळती ०.३५ व्होल्टवर येते. मोठ्या बॅटरीवर पैसे घालण्यापेक्षा हा खर्च कितीतरी शहाणपणाचा. वायर बारीक तारांची, लवचीक घ्या. जाड एकतारी वायर हादऱ्यांनी तुटते. होडी हर्णै किंवा मिरकरवाड्याला समुद्रात जाणार असेल तर तारा कथिल चढवलेल्याच हव्यात, नाहीतर खारं पाणी आवरणाखाली शिरून तांबं काळं पाडतं.

सेटमधली खरी धोकादायक उणीव वेगळीच आहे: फ्यूजचा डबा स्विचपॅनेलपाशी, बॅटरीपाशी काहीच नाही. मधली सहा मीटर वायर कुठे घासून शॉर्ट झाली तर ती पेटू शकते. पॉझिटिव्ह टर्मिनलपासून सात इंचांच्या आत २० ॲम्पिअरचा फ्यूज बसवाच. पंपाची लाइन मात्र मेन स्विचच्या आधी, स्वतःच्या फ्यूजवर घ्या, म्हणजे होडी काठाला बंद असतानाही फ्लोट स्विच (पाणी चढलं की आपोआप लागणारा) पंप चालवून पाणी उपसत राहील. त्या फ्यूजचा आकडा पंपावर छापलेला असतो.

लग (वायरीच्या टोकाची धातूची टोपी) पक्कडने चेपू नका, रॅचेटचा क्रिम्पर (लग चेपायचं हत्यार) वापरा आणि वर आतून गोंद असलेली, तापवली की आवळणारी हीटश्रिंक नळी चढवा. पिळून टेप गुंडाळलेला जोड पहिल्याच पावसाळ्यात हिरवा पडतो. पत्र्याची होडी असेल तर निगेटिव्हसाठी पत्रा वापरू नका, वेगळी वायर परत आणा. पत्र्यातून करंट वाहिला की तो कुरतडला जातो.

कंट्रोलर लेड-ॲसिडच्या सेटिंगवर येतो. ते लिथियमवर, १४.४ व्होल्टला आणा, नाहीतर इक्वलायझेशनमध्ये (लेड-ॲसिडला अधूनमधून दिल्या जाणाऱ्या जादा चार्जमध्ये) व्होल्टेज चढून बीएमएस बॅटरी तोडतो. जोडताना आधी बॅटरी, मग सोलर पॅनेल, काढताना उलट. काम संपल्यावर सगळं चालू करून बॅटरीवर आणि स्विचपॅनेलवर मीटर लावा. अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक दिसला तर कुठलातरी लग सैल आहे.

दुकानदाराला वायर न घेता उरलेला सेट द्यायला सांगितला तर तो देतो. बिलावर बॅटरीचा सीरियल नंबर लिहून घ्या.