भाचीच्या बारशासाठी घेतलेलं नावांचं ॲप: महिनाभर वापरल्यावर

भाची झाली मृग नक्षत्रावर. म्हणजे अक्षरं वे, वो, का, की. कानात नाव सांगायचं काम आत्याचं, म्हणून 199 रुपये भरून देशोदेशीच्या नावांचे अर्थ सांगणारं एक ॲप घेतलं. त्यात मराठी आहे, कन्नड आहे, अरबी, इटालियन, आयरिश सगळं आहे. माझं माहेर बेळगावजवळचं खानापूर, सासर निपाणी, भावजय कन्नड बोलणाऱ्या गोकाकची. एवढ्या गोतावळ्याला चालेल असं नाव शोधायचं होतं.

आधी चांगलं सांगते. नक्षत्राची अक्षरं बिनचूक आहेत. उच्चार ऐकता येतो, हे फार कामाला आलं, कारण माझ्या आईला वाचायचा कंटाळा. ॲप अडकत नाही, जाहिराती नाहीत.

पण अर्थ? शेजारच्या आरवचं नाव घालून बघितलं, तर उत्तर आलं 'शांत'. संस्कृतात आरव म्हणजे आवाज, गलका. आपल्याकडे पहाटे कोंबडा आरवतो, तोच हा शब्द! नाव गोड आहे, बाळही गोड आहे, पण आईबापाला अर्थ उलटा सांगू नये. रेयांश म्हणजे 'सूर्याचा अंश' असंही दिलंय. रवी आणि अंश यांचा संधी रव्यंश होतो, रेयांश कसा होईल?

भावजयीच्या मनात कियारा होतं, अक्षरही की. ॲप म्हणतं, संस्कृत, अर्थ तेजस्वी. अर्थ अर्धा बरोबर आहे, पण घर चुकलंय. लॅटिन क्लारा म्हणजे स्वच्छ, उजळ, त्यावरून इटालियन क्यारा. असिसीच्या संत क्लाराला तिकडे क्याराच म्हणतात. आणि आयर्लंडमध्ये जवळजवळ असंच लिहिलं जाणारं नाव आहे, त्याचा अर्थ काळसर. एक उजळ, एक सावळं. परदेशी आहे म्हणून नाव ठेवू नये असं मी म्हणत नाही. कुठून आलंय ते कळलं तर ठेवणाऱ्यालाच आनंद होतो.

मला खरं वाईट वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. एका संध्याकाळी आई आणि मी खानापूरच्या आमच्या गल्लीतली नावं एकेक घालत बसलो. धोंडिबा नाही. कल्लाप्पा नाही. यल्लाप्पा नाही, सौंदत्तीची यल्लम्मा एवढी जवळ असून! निपाणीकडचे आदगोंडा, बाबगोंडा तर नाहीतच. त्यातला गोंडा म्हणजे गौडा, गावचा पाटील. राजेसाब नाही. अब्दुल होतं, अर्थ नुसता 'सेवक'. पण अब्दुल एकटं पुरं होत नाही, पुढे रहमान, करीम असं देवाचं नाव लागतं. आपल्या रामदासातला फक्त दास उचलावा तसं ते झालं.

पीटर मात्र मिळालं: ग्रीक, अर्थ खडक. आपल्याकडचा पेद्रू म्हणजे हाच पीटर. ते ऐकून आई थांबली. म्हणाली, "अगं, पेद्रू मेस्त्री म्हणजे आपला धोंडिबाच की!" मी म्हटलं, कन्नडात कल्लु म्हणजे पण दगडच. कल्लाप्पा हे नाव कलमेश्वरावरून ठेवतात, पण कानाला कल्लु ऐकू येतोच. पूर्वी मुलं जगायची नाहीत, मग पुढच्याला दगडू, धोंडू म्हणायचे, दृष्ट लागू नये, दगडासारखा टिकावा म्हणून. एकाच गल्लीत तीन भाषांतले तीन दगड राहतात, आणि हे सांगायला ॲपजवळ जागाच नाही. 'आधुनिक' आणि 'लोकप्रिय' असे दोनच रकाने पुढे येतात.

आता नाव कसं ठरलं ते. मला वेणू हवं होतं. वेणू म्हणजे वेळू, बेळगावचं जुनं नाव वेणुग्राम, आणि मराठीत वेणू म्हणजे बाईमाणूसच. गोकाकच्या मावशी म्हणाल्या, "आमच्याकडं वेणु म्हटलं की वेणुगोपाल, मुलगा." हा फरक ॲपने सांगायला हवा होता. तिथे फक्त 'मुलगा, मुलगी, दोन्ही' एवढंच लिहिलंय, कुठल्या भाषेत कोण ते नाही. शेवटी कावेरी ठरलं. अक्षर का, नदी त्यांची, नाव दोन्हीकडचं.

पाळण्याला बांधायचं कार्ड ॲपमधूनच छापून आणलं, मराठीत आणि कन्नडात. कन्नडात ए ऱ्हस्व वेगळा, दीर्घ वेगळा. आपल्या लिपीत तो भेद दिसत नाही, आणि ॲपने मराठीवरून सरळ ऱ्हस्व उतरवला. मावशींनी लगेच पकडलं. त्यांनी चष्मा लावला, माझं पेन मागून घेतलं, 'वे'पुढे दीर्घाची खूण काढली, आणि मग कार्ड बांधलं.

पाचातले दोन तारे. नक्षत्राचा एक, उच्चाराचा एक.