एक कंट्रोलर, चार पडदे: स्वस्तातला वायरलेस कंट्रोलर निवडताना

आमच्या घरात गेम चालतात असे चार पडदे आहेत. माझा लॅपटॉप, हॉलमधला अँड्रॉइड टीव्ही, फोन, आणि सुट्टीत भाचा आला की त्याच्या बॅगेतून निघणारा निन्टेन्डो स्विच हा छोटा गेम कन्सोल. कंट्रोलर मात्र एकच घ्यायचा होता, तोही तीन हजारांच्या आतबाहेर. दुकानात खोकी बघावीत तर प्रत्येक कंट्रोलर सगळ्यांवर चालतो. विंडोज, अँड्रॉइड, आयफोन, स्विच, सगळ्यांची चित्रं ओळीने छापलेली. ती चित्रं खोटी नसतात. पण लॅपटॉपवरून टीव्हीवर यायला दोन सेकंद लागतील की चार मिनिटं, हे त्यांतून कळत नाही, आणि रोज डोक्याला ताप होतो तो नेमका याचाच.

माझ्या पहिल्या स्वस्त कंट्रोलरला (नाव घेत नाही) प्रत्येक उपकरणासाठी वेगळी दोन-दोन बटणं एकदम दाबून धरावी लागायची. लॅपटॉपला एक जोडी, फोनला दुसरी, टीव्हीला तिसरी. त्या जोड्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर स्केचपेनने लिहून टीव्हीखाली चिकटवल्या होत्या. घरी येणारे पाहुणे तो वायफायचा पासवर्ड समजून फोनमध्ये टाकून बघायचे. आठ महिन्यांत डावी स्टिक, म्हणजे अंगठ्याने फिरवायची दांडी, बिघडली. फुटबॉलच्या गेममध्ये हात न लावता खेळाडू डावीकडे चालायला लागायचा, जेवण झाल्यावर शतपावलीला निघाल्यासारखा.

म्हणून या वेळी दोनच गोष्टी बघायच्या ठरवल्या: पडदा बदलणं किती सोपं, आणि स्टिक टिकेल का. बाकी दिवे, रंग, टर्बो बटण हे सगळं नंतर.

आधी एक गाळणी

तुमच्याकडे प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स असेल आणि त्याच्यासाठीच कंट्रोलर हवा असेल, तर इथल्या एकाच्याही नादाला लागू नका. या दोन्ही कन्सोलना परवाना असलेलाच कंट्रोलर लागतो. सोनीचा जुना ड्युअलशॉक ४ सुद्धा प्लेस्टेशन ५ वर फक्त प्लेस्टेशन ४ चे गेम खेळू देतो, तिथे बाहेरच्याची काय कथा! एक्सबॉक्सने तर नोव्हेंबर २०२३ पासून अनधिकृत अ‍ॅक्सेसरी ओळखून बंद करायला सुरुवात केली. अशा घरात कंपनीचाच कंट्रोलर घ्यावा. प्लेस्टेशन ५ चा ड्युअलसेन्स भारतात ५,९९० रुपयांना आला होता. तो महाग आहे, पण निदान चालतो.

पीसी, अँड्रॉइड, स्विच आणि आयफोन यांच्या गोतावळ्यात मात्र बाहेरच्या कंपन्यांनी खरंच चांगलं काम केलं आहे. माझ्या यादीत शेवटी तीन उरले: एटबिटडोचा अल्टिमेट २सी वायरलेस, गेमसरचा नोव्हा लाइट, आणि एटबिटडोचाच थोडा जुना प्रो २. चौथा आपल्याकडे सगळीकडे दिसणारा रेडगिअर प्रो वायरलेस. पण त्याला फक्त डाँगल आहे, ब्लूटूथ नाही, आणि तो विंडोजसाठी बनवलेला आहे. फक्त लॅपटॉपवर खेळणाऱ्याने त्याचा विचार करावा. चार पडद्यांच्या प्रश्नात तो पहिल्याच फेरीत बाद.

डाँगल की ब्लूटूथ

दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्याच पट्ट्यात बोलतात, पण सारखे नाहीत. डाँगल म्हणजे त्या कंट्रोलरसाठीच बनवलेला छोटा रिसीव्हर. लॅपटॉपच्या यूएसबीत खुपसला की झालं, पेअरिंगची भानगड नाही. अल्टिमेट २सी डाँगलवर सेकंदाला १,००० वेळा बटणांची खबर पोचवतो, म्हणजे दर मिलिसेकंदाला एकदा. ब्लूटूथवर हा आकडा बराच खाली येतो. सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या पडद्यावर एक चित्र साधारण १७ मिलिसेकंद टिकतं, त्यामुळे रेसिंग किंवा कोडी असल्या खेळांत हा फरक हाताला लागत नाही. मारामारीच्या गेममध्ये लागतो. आणि टीव्हीवर तर कंट्रोलरपेक्षा टीव्हीच जास्त वेळ खातो. तिथे सेटिंगमध्ये जाऊन 'गेम मोड' चालू करा, कंट्रोलरला शिव्या नंतर घाला.

डाँगलची एक खोड सांगते, कारण यात माझा एक रविवार गेला. यूएसबी ३ च्या पोर्टमधून, विशेषतः शेजारी बाहेरची हार्ड डिस्क जोडलेली असेल तर, २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच गोंगाट बाहेर पडतो. त्यात डाँगलचा आवाज बुडतो आणि बटणं मधूनच 'हरवतात'. कंट्रोलर खराब आहे असं समजून मी तो खोक्यात परत भरायला घेतला होता. डाँगल दुसऱ्या बाजूच्या यूएसबी २ पोर्टात लावला आणि प्रश्न मिटला. एकाच बाजूला पोर्ट असतील तर वीतभर एक्स्टेन्शन केबल घ्या.

ब्लूटूथची अडचण वेगळी आहे. या किमतीतले बहुतेक कंट्रोलर ब्लूटूथवर शेवटचं जोडलेलं एकच उपकरण लक्षात ठेवतात. टीव्हीला जोडला की फोन विसरला, फोनला जोडला की टीव्ही. खोक्यावर पाच चित्रं असली तरी एका वेळची ओळख एकाशीच.

आता तिघांना याच कसोटीवर घासून बघा.

अल्टिमेट २सी वर एक साधा सरकता खटका आहे: एका बाजूला २.४, दुसऱ्या बाजूला ब्लूटूथ. डाँगल लॅपटॉपला कायमचा लावून ठेवायचा आणि ब्लूटूथ टीव्हीला द्यायचं. पडदा बदलायचा म्हणजे खटका सरकवायचा, बस. माझी आई, जी रिमोटलाही 'ते डबडं' म्हणते, तिने हे पहिल्या प्रयत्नात केलं. पण हे सुख दोन उपकरणांपुरतं. तिसरं आलं की पेअरिंग आलंच.

नोव्हा लाइट जास्त सोशिक आहे. डाँगल, ब्लूटूथ आणि वायर तिन्ही आहेत, आणि पीसी, अँड्रॉइड, आयफोन, स्विच या चारही घरांत तो जातो. एवढ्या पैशांत इतकी घरं फिरणारा दुसरा चटकन सापडत नाही. पण कुठल्या घरात जायचं हे त्याला बटणांच्या जोडीने सांगावं लागतं. म्हणजे पुन्हा पुठ्ठ्याची चिठ्ठी आली. पंधरवड्यातून एकदा पडदा बदलणाऱ्याला याचं काही वाटणार नाही. मी एका संध्याकाळी दोनदा बदलते.

प्रो २ ला डाँगलच नाही. ब्लूटूथ किंवा वायर, एवढंच. पण त्याच्या पाठीवर चार खुणांचा खटका आहे: एस, ए, डी, एक्स. एस म्हणजे स्विच, एक्स म्हणजे विंडोज. ए वाचून सगळे अँड्रॉइड समजतात आणि फसतात. ए म्हणजे अ‍ॅपल, आणि अँड्रॉइड डी वर आहे. एवढं एकदा डोक्यात बसलं की चार वेगळ्या जातींच्या उपकरणांत फिरायला याच्यासारखं सरळ काही नाही. आयओएस १६.३ पासून आयफोनवरही तो अधिकृतपणे चालतो. मात्र लॅपटॉपचं ब्लूटूथ मेंगळट असेल तर त्याचाही इलाज नाही, कारण डाँगलची सोयच ठेवलेली नाही.

स्टिक

साध्या स्टिकच्या आत कार्बनचा पट्टा असतो आणि त्यावर घासत फिरणारा एक संपर्क. घासून घासून पट्टा झिजतो, मग कंट्रोलरला वाटतं तुम्ही स्टिक ढकलताय. माझ्या खेळाडूची शतपावली यातूनच निघाली होती. हॉल इफेक्ट स्टिकमध्ये चुंबक आणि सेन्सर एकमेकांना शिवतच नाहीत, त्यामुळे तिथे झिजायला काही उरत नाही. हा काही नवा शोध नाही. एडविन हॉलने हा परिणाम १८७९ मध्ये नोंदवला आणि १९९८ च्या सेगा ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्ये असेच सेन्सर होते. मधली वीस वर्षं कंपन्यांनी पैसे वाचवले आणि आपण स्टिका बदलत बसलो.

२सी आणि नोव्हा लाइट, दोन्हींत हॉल स्टिक आहेत. २सी चे ट्रिगरही (वरच्या कडेची, बोटाने ओढायची बटणं) हॉलचेच. प्रो २ च्या बाबतीत सावध राहा: २०२१ चा मूळ प्रो २ साध्या स्टिकचा होता, हॉलची आवृत्ती नंतर आली. दोन्हींची नावं सारखीच. कुणी 'जुना माल, स्वस्तात देतो' म्हणालं तर खोक्यावर हॉल हा शब्द शोधा. नसेल तर तो स्वस्त का आहे ते कळलं.

टीएमआर नावाचे त्याहून नवे सेन्सरही आता येतात, गेमसरच्या सायक्लोन २ मध्ये आहेत. ते कमी बॅटरी खातात. पण झिजण्यापासून सुटका हवी असेल तर हॉल पुरे.

नावांचा घोळ

एटबिटडोची कंट्रोलर चांगली आणि नावं वाईट. अल्टिमेट, अल्टिमेट २, अल्टिमेट २सी. मग २सी मध्ये वायर्ड, वायरलेस, ब्लूटूथ. 'वायरलेस' लिहिलेला पीसी आणि अँड्रॉइडसाठी आहे. त्यालाही ब्लूटूथ असतं, पण स्विचशी तो बोलत नाही. स्विचसाठीचा म्हणजे 'ब्लूटूथ' लिहिलेला. दिसायला दोघे जुळे भाऊ. मागवताना नाव शेवटच्या शब्दापर्यंत वाचा.

बटणांवरच्या अक्षरांचंही तसंच. एक्सबॉक्सच्या पद्धतीत ए खाली आणि बी उजवीकडे, निन्टेन्डोच्या पद्धतीत बरोबर उलट. प्रो २ वर निन्टेन्डोची मांडणी आहे. पीसीवरच्या गेमने 'ए दाबा' म्हटलं की अंगठा चुकीच्या जागी जातो आणि मेनू बंद होतो. सवय होते, पण पहिला आठवडा चिडचिडीचा. प्रो २ च्या दोन्ही स्टिक प्लेस्टेशनसारख्या खाली शेजारी-शेजारी आहेत, बाकी दोघांच्या एक्सबॉक्ससारख्या तिरप्या. ज्याच्या त्याच्या हाताचा प्रश्न.

फोनसाठी घेणाऱ्यांना एकच विनंती: आधी तुमचा गेम कंट्रोलर मानतो का ते बघा. बीजीएमआय (पबजीचा भारतीय अवतार) मानत नाही. बटणं पडद्यावर नकली टॅप करतील अशी अ‍ॅप्स मिळतात, पण त्यापायी खातं बंद होण्याची जोखीम आहे. माइनक्राफ्ट मजेत चालतो.

बॅटरीबद्दल फार बोलण्यासारखं नाही. २सी मध्ये ४८० एमएएच, नोव्हा लाइटमध्ये ६०० आणि प्रो २ मध्ये १,००० एमएएचची बॅटरी आहे. प्रो २ ची बॅटरी काढून तिच्या जागी दोन पेन्सिल सेल घालता येतात. गावाकडे लाइट गेल्यावर ही सोय सोन्याची वाटते. चार वर्षांनी बॅटरी मेली तरी कंट्रोलर मरत नाही, हा मुद्दा मला आकड्यांपेक्षा मोठा वाटतो.

किंमत आणि खरेदी

मूळ किमती बघितल्या तर नोव्हा लाइट २५ डॉलरच्या आसपास, २सी ३० डॉलर आणि प्रो २ ५० डॉलर. आपल्याकडे आयात, कर आणि विक्रेत्याची मर्जी मिळून आकडा वर जातो आणि दर आठवड्याला हलतो. अलीएक्स्प्रेस भारतात नोव्हेंबर २०२० पासून बंद आहे, त्यामुळे परदेशी व्हिडिओंतल्या किमती बघून हळहळू नका. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाणार असाल तर हातात धरून बघता येईल, पण बिल आणि वॉरंटी कोण देतंय ते आधी विचारा. डाँगल खोक्यात आहे ना, हेही तिथेच उघडून बघा. तो हरवला तर नुसता डाँगल मिळवणं जिकिरीचं.

घरी आल्यावर, परत करायची मुदत संपायच्या आत, विंडोजच्या 'रन'मध्ये joy.cpl असं टाइप करा. कंट्रोलरची खिडकी उघडेल, त्यात 'प्रॉपर्टीज' दाबा. स्टिक सोडल्यावर अधिकचं चिन्ह मधोमध येतं का, गोल फिरवल्यावर सगळ्या कडांना पोचतं का, ट्रिगर हळूहळू दाबला तर पट्टीही हळूहळू सरकते का, बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

तर कुणी काय घ्यावं? लॅपटॉप आणि आणखी एक अँड्रॉइड उपकरण एवढंच असेल तर अल्टिमेट २सी वायरलेस, डोळे झाकून. स्विच घरात आहे आणि पैसे मोजके आहेत तर नोव्हा लाइट, पण त्यात जायरो नाही, म्हणजे कंट्रोलर हलवून नेम धरायचे स्विचचे खेळ त्यावर अडतील. स्विच, आयफोन, लॅपटॉप सगळं आहे आणि थोडे जास्त पैसे घालायची तयारी आहे तर हॉल स्टिकवाला प्रो २. त्यात जायरोही आहे. स्विच २ घेतला असेल तर कुठल्याही जुन्या कंट्रोलरसाठी फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट आलंय का ते आधी तपासा.

मी २सी वायरलेस घेतला. म्हणजे चारांपैकी एक पडदा सोडला. फोनवर खेळायचं असेल तेव्हा नव्याने पेअर करते, महिन्यातून एखाद्या वेळी. स्विचवर भाचा त्याचा डावा जॉय-कॉन (स्विचबरोबर येणारा छोटा कंट्रोलर) मला देतो आणि मला हरवतो. उजवा मागितला की म्हणतो, "मावशी, तुझा तो नवा आण ना." तो चालत नाही हे त्याला पक्कं ठाऊक आहे.