दिब्रुगढ ते कन्याकुमारी, स्लीपरने आणि एकटीने : विवेक एक्सप्रेसचा रिव्ह्यू

विवेक एक्सप्रेसचं नाव काढलं की सगळे एकच सांगतात, देशातली सगळ्यात लांब पल्ल्याची गाडी, जवळजवळ ४,२०० किलोमीटर, नऊ राज्यं. खरंय सगळं, पण त्यावरून तिकीट काढावं की नाही हे काही कळत नाही. म्हणून जरा डिटेलमध्ये लिहितेय, खास करून कॉलेजातल्यांसाठी, ज्यांना सुट्टी आहे पण पैसे बेताचे आहेत आणि बरोबर यायला कोणी तयार होत नाहीये.

माझं मत आधीच सांगून टाकते. जा, स्लीपरनेच जा, आणि मधे कुठे न उतरता या टोकापासून त्या टोकापर्यंत जा. तुकड्यातुकड्यात केलं तर स्टेशनं बघून होतील, पण या गाडीत बघण्यासारखं जे आहे ते डब्यात आहे आणि ते सलग बसल्याशिवाय कळत नाही.

गाडीची माहिती थोडक्यात. दिब्रुगढहून निघते ती २२५०४, उलटी येते ती २२५०३. स्वामी विवेकानंदांच्या दीडशेव्या जयंतीनिमित्त २०११-१२ च्या रेल्वे बजेटमध्ये विवेक एक्सप्रेस नावाच्या गाड्या जाहीर झाल्या, ही त्यातलीच, नोव्हेंबर २०११ मध्ये सुरू झाली. दिब्रुगढहून संध्याकाळी सुटते आणि चौथ्या दिवशी रात्री कन्याकुमारीला पोचते, म्हणजे ७५ तासांच्या आसपास धरा, थांबे पन्नासच्या वर. स्लीपरचं भाडं बारा-तेराशेच्या घरात. लांबच्या तिकिटाला किलोमीटरमागे दर कमी कमी होत जातो म्हणून एवढ्या अंतराला एवढंच पडतं, तुकडे करून काढलंत तर बरंच जास्त जाईल.

आता स्लीपर का, थर्ड एसी का नाही, कारण घरचे हेच विचारतात. माझी आई तर एसीचे पैसे मी देते म्हणत होती. एसीत गादी-चादर मिळते, झोप चांगली लागते, सगळं मान्य. पण काच बंद असते. स्लीपरची खिडकी उघडी असते आणि आसाममधली पहाटेची ओली हवा, बंगालमधला पाण्याचा आणि मातीचा वास, आंध्रात दुपारी तोंडावर येणारी गरम झळ, मग केरळात एकदम सगळं हिरवं आणि दमट, हे सगळं अंगाला लागतं, नकाशावर बोट ठेवून कोणी दाखवावं त्यापेक्षा जास्त समजतं. चादर-उशी मात्र स्लीपरमध्ये मिळत नाही, स्वतःची न्यायची, आणि थंडीत उत्तरेच्या भागात रात्री शाल लागतेच.

बर्थचं गणित समजून घ्या. नव्या पद्धतीच्या (एलएचबी) स्लीपर डब्यात ८० बर्थ असतात. नंबरला आठने भागायचं, बाकी १ किंवा ४ उरली तर लोअर, २ किंवा ५ मिडल, ३ किंवा ६ अप्पर, ७ साइड लोअर आणि पूर्ण भाग गेला तर साइड अप्पर. पहिले आठ आणि शेवटचे आठ संडासाजवळ, तिथे तीन रात्री दाराची धाडधाड चालू असते. ३३ ते ४८ मधला कुठलाही आला तर उत्तम. बुकिंग करताना नंबर निवडता येत नाही, फक्त प्रेफरन्स देता येतो, एकटीने जाताना मी साइड लोअरच टाकते. दोन्ही बाजूंना स्वतःची खिडकी, पाय पसरता येतात, गप्पा मारायच्या तर समोरच सहा जण आणि नाही मारायच्या तर तोंड खिडकीकडे. उंच असाल तर साइड बर्थला पाय दुमडून झोपावं लागेल. मिडल बर्थ रात्री दहा ते सकाळी सहा एवढाच उघडायचा असा नियम आहे, तो डब्यात सगळ्यांना पाठ असतो.

डब्यात कोण असतं हे सांगायलाच खरं तर मी लिहायला बसलेय. ही टुरिस्ट लोकांची गाडी नाहीये. आसाम, बंगाल, बिहारमधल्या किशनगंजकडची मुलं केरळात कामाला जातात, प्लायवूडच्या कारखान्यांत, बांधकामावर, हॉटेलांत, त्यांची ही नेहमीची गाडी. प्लायवूडच्या कारखान्यांच्या पेरुंबावूरला जाणारे आलुवाला उतरतात. माझ्या वयाचीच मुलं, काही तर लहानच, आणि त्यांना वेळापत्रक इतकं पाठ की कुठे पाणी भरायला वेळ मिळतो, कुठे गाडी साइडला टाकतात, सगळं तोंडावर. दुसरे असतात पेशंट आणि त्यांचे घरचे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलला ईशान्येतून आणि बंगालमधून किती लोक जातात हे मला ही गाडी केल्यावर समजलं. हातात एक्स-रेची मोठी पाकिटं, फायली, जेवणाचे डबे, स्टोव्ह सोडून सगळा संसार. काटपाडी आलं की डबा बघता बघता रिकामा होतो, कारण वेल्लोरचं स्टेशन तेच. माझ्या समोर मुर्शिदाबादच्या एक काकू होत्या, नवऱ्याला घेऊन चाललेल्या, मी एकटी आहे कळल्यावर त्यांनी पहिल्या जेवणापासून माझ्यासाठी पोळी-भाजी वेगळी काढून ठेवायला सुरुवात केली, मी नको म्हटलं तरी. माझी हिंदी पुणेरी आणि त्यांची बंगाली वळणाची, पण अडलं कुठेच नाही.

तुम्ही सुट्टी म्हणून चाललाय आणि बाजूचा माणूस वर्षभराच्या कामासाठी किंवा ऑपरेशनसाठी चाललाय हे लक्षात ठेवून वागलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. फोटो काढायचा तर विचारून काढा. खालचा बर्थ पेशंटला हवा असेल तर द्या. रात्री अकराला स्पीकरवर गाणी नकोत.

नद्या! पहिल्या सकाळी गुवाहाटीनंतर ब्रह्मपुत्रा, मग ईशान्येला बाकी देशाशी जोडणारी सिलिगुडीजवळची ती अरुंद पट्टी, जिला सगळे चिकन नेक म्हणतात, दुपारी कधीतरी तिथून गाडी जाते, पुस्तकात वाचलेलं असतं पण आपण त्यातून जातोय याचं मला फार अप्रूप वाटलं. गाडी वेळेवर असली तर संध्याकाळच्या सुमारास फरक्का येतं, १९७५ मध्ये सुरू झालेलं धरण, दोन किलोमीटरच्या वर लांब, आणि रेल्वे त्याच्यावरूनच गंगा ओलांडते. दुसऱ्या सकाळी भुवनेश्वर सोडलं की चिलिका सरोवर, रुळांच्या बाजूने बराच वेळ चालू राहतं, थंडीत गेलात तर पक्षी दिसतात.

पण खरी वाट बघायची ती आंध्रातल्या राजमहेंद्रीची. गोदावरी आपल्याकडे त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीवर उगम पावते, नाशिकला रामकुंडावर आपण तिला बघितलेलं असतं, तिथे ती पायऱ्यांमध्ये मावते. इथे येईपर्यंत ती जवळपास दीड हजार किलोमीटर चाललेली असते आणि पुलावर गाडी किती तरी वेळ नुसती पाण्यावरच असते, पलीकडचा काठ येतच नाही. डब्यातल्या बऱ्याच जणांनी खिडकीतून हात जोडले, नाणी टाकली. मी काकूंना सांगितलं की ही नदी आमच्याकडून निघते, तर त्यांनी नवऱ्याला उठवून बसवलं आणि त्यांनाही दाखवली. आणि तिथून दीडशे किलोमीटरवर विजयवाडा, स्टेशन सोडलं की लगेच कृष्णा, महाबळेश्वरची! आपल्या सह्याद्रीतून निघालेल्या दोन्ही नद्या समुद्राजवळ आल्यावर एकाच संध्याकाळी भेटतात. कृष्णा येईपर्यंत अंधार झालेला असतो, तरी दाराजवळ न जाता खिडकीतूनच बघा, पुलावरचा आवाज बदलला की कळतंच. दारात उभं राहू नका हे खरंच सांगतेय, रात्री तर अजिबात नाही.

विशाखापट्टणमला इंजिन दुसऱ्या टोकाला लागतं आणि गाडी उलट्या दिशेने निघते, त्यामुळे ज्यांनी पुढे तोंड करून बसायला सीट पकडलेली असते त्यांची पाठ पुढे होते. तिथे बऱ्यापैकी वेळ थांबते, पाय मोकळे करायला आणि पाणी भरायला बेस्ट. शेवटच्या दिवशी कोइंबतूरनंतर पालक्काडची खिंड. आपल्याला खंडाळ्याचा घाट माहीत असतो, कर्जतला मागून जादा इंजिनं लावून वर चढायचं, बोगद्यामागून बोगदे. तोच सह्याद्री इथे तीसेक किलोमीटर रुंद मोकळा पडलाय आणि गाडी मोठा घाट न चढताच पलीकडे केरळात जाते. दोन्हीकडे लांब डोंगर उभे दिसतात आणि मधे सपाट. पुण्या-मुंबईच्या माणसाने हे एकदा बघावंच.

खाण्याबद्दल. गाडीला पँट्री आहे, साधं व्हेज जेवण ८० रुपये हा रेल्वेचा ठरलेला दर, बिल मागायचं. पण रोज तेच खाऊन कंटाळा येतो, म्हणून स्टेशनवर जे त्या त्या भागाचं मिळेल ते खा. बंगालमध्ये झालमुडी, आपल्या भेळेची सुकी बहीणच, फक्त मोहरीच्या तेलाचा झटका असलेली. आंध्रात इडली-वडा, केरळात पळमपोरी, म्हणजे पिकलेल्या केळ्याची भजी, गरम मिळाली तर दोन प्लेट घ्या. आयआरसीटीसीच्या ई-कॅटरिंगवरून पीएनआर टाकून मोठ्या स्टेशनवर जेवण सीटवर मागवता येतं. घरून मी दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा आणि लिंबं नेली होती आणि तिसऱ्या दिवशी त्याचीच सगळ्यात जास्त किंमत कळते. उन्हात लिंबू-मीठ-साखर फार कामाला येतं.

अंघोळ नाही, हे मनाशी ठरवूनच बसा. ओले वाइप्स, पेपर सोप, हवाई चप्पल. संडासाला पहाटे सहाच्या आत जाऊन या. सफाई हवी असली, पाणी संपलं, काहीही झालं तर १३९ किंवा रेलमदद अ‍ॅप, त्यात डबा आणि बर्थ नंबर टाकायचा. पॉवरबँक न्या, चार्जिंग पॉइंटवर रांग असते. सॅकला साखळी-कुलूप लावून बर्थखालच्या कडीत अडकवायची, मोबाइल आणि पैसे झोपताना अंगावर.

मुलींनी एकटीने करावी का, हे सगळ्या मैत्रिणींनी विचारलं. माझा अनुभव चांगला आहे. लांब पल्ल्याच्या मेल-एक्सप्रेसमध्ये स्लीपरला सहा बर्थ बायकांच्या कोट्यात असतात, वयाची अट नाही, बुकिंग करताना लेडीज कोटा निवडून बघा. आरपीएफची, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाची, मेरी सहेली म्हणून टीम आहे, २०२० पासून, एकट्या निघालेल्या बायकांना येऊन भेटतात, बर्थ नंबर लिहून घेतात. माझ्याकडे आलेल्या ताईंनी नंबर लिहून दिला, पुढे कुठेही अडचण आली तर थेट फोन कर म्हणाल्या, बरं वाटलं. तरीसुद्धा लाइव्ह लोकेशन घरी देऊन ठेवा, आणि नेटवर्क मधेमधे जातं हे घरच्यांना आधीच सांगा, नाहीतर आसाममधल्या रात्री ते उगाच घाबरतात.

तिकीट ६० दिवस आधी उघडतं आणि स्लीपर भराभर संपतं. वेटिंगवर जाण्याचा विचारसुद्धा नको, ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्ट लागल्यावर वेटिंगलाच राहिलं तर आपोआप कॅन्सल होतं. एका खासगी बुकिंग अ‍ॅपने माझ्या आधीच्या एका तिकिटाला न विचारता कसलीतरी रिफंड गॅरंटी जोडून पैसे घेतले होते, तेव्हापासून मी रेल्वेच्या साइटवरूनच काढते, पेमेंटच्या आधी सगळ्या टिकमार्क बघून घ्या. विद्यार्थी सवलतीच्या भरवशावर राहू नका, ती घरी जायला-यायला आणि कॉलेजच्या शैक्षणिक सहलीला असते, कॉलेजचा फॉर्म लागतो, फिरायला चाललात तर मिळत नाही. सर्क्युलर जर्नी तिकीट मात्र बघण्यासारखं आहे, निघालात तिथेच परत यायचं, मधे जास्तीत जास्त आठ ठिकाणी उतरता येतं आणि पूर्ण अंतराला लांबचा दर लागतो, रिझर्वेशन मात्र प्रत्येक टप्प्याचं वेगळं करावं लागतं.

जाताना लोकमान्य टिळक टर्मिनसहून गुवाहाटीची गाडी आणि तिथून रात्रीच्या गाडीने दिब्रुगढ, येताना कन्याकुमारी-पुणे थेट गाडी आहे. विवेक रात्री उशिरा पोचते आणि लेट झाली तर मध्यरात्र, म्हणून मुक्काम आधीच ठरवा, स्टेशनवरची रिटायरिंग रूम पीएनआरवर ऑनलाइन मिळते का ते आधी बघा. सकाळी बोटीने विवेकानंद शिलास्मारक, १८९२ च्या डिसेंबरात स्वामीजी जिथे ध्यानाला बसले ती शिला. हे स्मारक उभं केलं अमरावती जिल्ह्यातल्या टिमटाळ्यात जन्मलेल्या एकनाथ रानड्यांनी, १९७० मध्ये झालं, आपल्याकडे किती जणांना माहीत असतं काय माहीत. तिथून तमिळ कवी तिरुवळ्ळुवरांच्या १३३ फुटी पुतळ्यापर्यंत आता काचेचा पूल आहे, डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेला.

जून ते सप्टेंबर टाळा, आसामात पूर आला की गाड्या रद्द होतात किंवा वळवतात. एप्रिल-मेमध्ये आंध्रातली दुपार स्लीपरमध्ये सोसवत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट, सेमिस्टर संपल्या संपल्या, म्हणजे तारखा कळल्या की त्याच दिवशी बुकिंग उघडतंय का बघा. पाठदुखी असेल किंवा वेळेवर पोचणं फार गरजेचं असेल तर ही गाडी नको. बाकी सगळ्यांसाठी माझ्याकडून पाचपैकी साडेचार.