त्याच रिमवर १७५ च्या जागी १८५: छोट्या गाडीच्या टायरच्या मापाचा रिव्ह्यू

आमच्या हॅचबॅकला कंपनीकडून १७५/६५ आर१४ टायर आले होते (१७५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, ६५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के, १४ म्हणजे रिमचे इंच). ते झिजल्यावर त्याच रिमवर १८५/६५ आर१४ घातले. पाऊस, हायवे, रोजची कोंडी असं सगळं त्यांनी आता पाहिलंय, म्हणून लिहायला बसले. टायर कुठल्या ब्रँडचे ते मुद्दाम सांगत नाही. हा रिव्ह्यू मापाचा आहे, रबराचा नाही.

निकाल आधीच सांगते: पाचपैकी साडेतीन.

दुकानात पहिली सूचना आली ती १९५/६० ची. "टाकून घ्या ताई, ग्रिप वाढते, गाडी भरलेली दिसते." गाडी भरलेली दिसते म्हटल्यावर आमच्या घरातलं एक मत तिथेच फुटलं! पण आमच्या रिमची रुंदी ५ इंच, आणि १९५/६० आर१४ ला किमान साडेपाच इंची रिम लागतो. बसवून देणारा बसवूनही देईल, पण अरुंद रिमवर टायरच्या बाजू आत ओढल्या जातात, वळणावर गाडी डुलते आणि झीजही वेडीवाकडी होते. १८५/६५ ला ५ इंची रिम चालतो, पण ती त्याची खालची हद्द आहे. म्हणजे आमच्या रिमवर याच्या पुढे जायला जागा नाही.

मी गणिताच्या शिकवण्या घेते, त्यामुळे आकडेमोड केल्याशिवाय पैसे काढत नाही. १७५ चे ६५ टक्के म्हणजे ११३.७५ मिलिमीटर, ही टायरच्या बाजूची उंची. ती वर आणि खाली अशी दोनदा धरायची, त्यात १४ इंची रिमचे ३५५.६ मिळवायचे. चाकाचा व्यास आला ५८३.१ मिलिमीटर. तेच १८५/६५ साठी केलं तर ५९६.१. फरक १३ मिलिमीटर, म्हणजे साधारण २.२ टक्के. तीन टक्क्यांच्या आत राहावं असा एक ढोबळ नियम आहे, त्यात हे बसतं.

जुने अलॉय रिम (मिश्रधातूचे) घेणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. १८५/६५ आर१५ हे नाव ओळखीचं वाटतं, पण त्याचा व्यास ६२१.५ होतो, मूळ मापापेक्षा साडेसहा टक्क्यांनी जास्त. १५ इंची रिमच हवा असेल तर १८५/५५ आर१५ चा व्यास ५८४.५ येतो, जवळजवळ मूळ मापाइतकाच. मात्र त्यात बाजूची उंची १२ मिलिमीटरने घटते आणि खड्ड्याचा मार रिमवर येतो. मला ते नको होतं.

आता चालवण्याबद्दल. सगळ्यात मोठा फरक मागच्या सीटवर पडला, आणि तिथल्या परीक्षक आमच्या सासूबाई. कंबर दुखते म्हणून प्रत्येक खड्ड्याला त्यांचा एक उद्गार ठरलेला असे. त्यांचे उद्गार कमी झाले, यापेक्षा वेगळा पुरावा मला नको. गाडी जमिनीपासून साडेसहा मिलिमीटर वर आली. ऐकायला काहीच नाही, पण पाच जण बसल्यावर स्पीडब्रेकरला घासणारं पोट आता क्वचितच घासतं.

ग्रिपचं कौतुक मी हातचं राखून करते. झिजलेल्यांच्या जागी नवे टायर आले की कुठलंही माप चांगलंच वाटणार. आणि रस्त्यावर पाणी साचलेलं असेल तर अरुंद टायर ते जास्त सहज कापतो. रुंद टायर म्हणजे पावसात बिनधास्त, असं समजू नका.

गुण गेले ते पिकअपमध्ये. एसी चालू, गाडी भरलेली आणि समोर चढ, की दुसऱ्या गिअरमध्ये जीव कमी पडतो. जिथे पूर्वी दुसरा पुरायचा तिथे आता पहिला टाकावा लागतो. मायलेजही पडलं, पण जेवढं दिसतं तेवढं नाही. चाक मोठं झाल्यामुळे ओडोमीटर कमी मोजतो: त्याच्या हिशेबाने १००० किलोमीटर झाले की गाडी १०२२ च्या आसपास चाललेली असते. ही वाढ हिशेबात धरली की घसरण बरीच भरून निघते, उरते ती खरी. स्पीडोमीटरचंही तेच. काटा पूर्वीच्याच १०० वर असला तरी वेग दोनेक किलोमीटरने जास्त असतो. बहुतेक गाड्यांचा काटा मुळात थोडा वाढवून दाखवतो, म्हणून हे खपून जातं. तरी मोकळ्या रस्त्यावर जीपीएसशी एकदा ताडून पाहा.

मापाच्या पुढे छापलेल्या आकड्याकडे फारसं कोणी बघत नाही. आमच्या जुन्या टायरवर ८२टी होतं: एका टायरवर ४७५ किलोपर्यंत भार आणि ताशी १९० पर्यंत वेग. नव्यावर ८६ आहे, म्हणजे ५३० किलो. मूळ आकड्याच्या खाली कधीही जाऊ नये. वर गेलात म्हणून गाडीत जास्त सामान भरायची परवानगी मात्र मिळत नाही, कारण स्प्रिंग आणि ब्रेक तेच आहेत.

ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर मापाची पाटी असते. आमच्या पाटीवर फक्त १७५ आहे. वॉरंटी संपलेली होती, आणि विमा कंपनीकडून आधी लेखी उत्तर घेतलं. तुमच्या पाटीवर दोन्ही मापं असतील तर निम्मी डोकेदुखी वाचली. बसवून झाल्यावर दुकानातून निघायच्या आधी गाडीत माणसं बसवा, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवा आणि रिव्हर्सही घेऊन बघा. कुठेही घासल्याचा आवाज आला तर ते माप तुमच्या गाडीचं नाही.

राहिली स्टेपनी. ती आमच्याकडे अजून १७५ चीच आहे. इंजिनची ताकद ज्या चाकांना जाते तिथे एक लहान आणि एक मोठं चाक लावून लांब पळवलं तर डिफरन्शियलला, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरांना, विनाकारण काम पडतं. आमची गाडी पुढच्या चाकांवर चालते, म्हणून पुढे पंक्चर झालं की मागचं चाक पुढे आणायचं आणि स्टेपनी मागे लावायची. जॅक दोनदा लावावा लागतो. ते नको असेल तर पाच टायर घ्या.