कन्फेशनच्या तयारीचं अ‍ॅप: सोय चांगली, पण पापांना लावलेली लेबलं चुकीची

तीन आठवडे रोज रात्री वापरलं, मग लिहितेय. कन्फेशनला, म्हणजे चर्चमध्ये फादरांपुढे पापं कबूल करायला, जायच्या आधी मन तपासायला घेतलं होतं. चांगलं ते आधी सांगते, अक्षर मोठं आहे, पासवर्ड लावता येतो, टिपलेलं सगळं नंतर एका बटणात पुसलं जातं आणि पश्चात्तापाची प्रार्थना शेवटी समोर येते, त्यामुळे आयत्या वेळी शब्द अडत नाहीत.

आता खटकलेलं. प्रत्येक प्रश्नापुढे लाल रंगात 'गंभीर' नाहीतर हिरव्या रंगात 'किरकोळ' लिहिलंय. शरीराच्या पापांवर १७ प्रश्न, सगळे लाल, आणि चहाडी, अबोला, मनात धरलेला राग ह्या सगळ्यावर मिळून एकच, तोही हिरवा. माझं सख्ख्या बहिणीशी दोन वर्षं बोलणं नाही, तिच्यामागे नातेवाइकांत मी काय काय पसरवलं ते माझं मला माहीत. त्या रात्री मी तो हिरवा चौकोन टिक केला, खाली आलं 'गंभीर पापं: ०', आणि मी खरंच निवांत झोपले. सकाळी ते आठवलं आणि फार लाज वाटली.

पापांत लहानमोठं असतं हे मला मान्य आहे, येशूने स्वतः त्याचा न्याय करणाऱ्या रोमन सुभेदारासमोर, पिलातासमोर, जास्त मोठ्या पापाबद्दल सांगितलंय, बायबलमधल्या योहानाच्या पहिल्या पत्रातही तो फरक आहे. पण १९९२ च्या कॅथलिक कॅटेकिझममध्ये, म्हणजे चर्चच्या शिकवणीच्या अधिकृत पुस्तकात, मॉर्टल म्हणजे आत्म्याला मारक अशा गंभीर पापाला तीन अटी आहेत, गोष्ट गंभीर हवी, पूर्ण जाणीव हवी, मनापासून संमती हवी. अ‍ॅप शेवटच्या दोन विचारतच नाही! आणि गंभीर काय हे तरी कशावरून ठरवलं? बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात चहाडखोर आणि गर्विष्ठ हे खुनाच्याच यादीत येतात. मध्ययुगातला मोठा कॅथलिक धर्मपंडित थॉमस अक्वायनस, त्याने तर आत्म्याच्या पापांचा दोष शरीराच्या पापांपेक्षा जास्त धरलाय. इथे गर्वावरचा प्रश्न शोधून काढावा लागतो.

प्रोटेस्टंट मैत्रिणीला दाखवलं तर ती बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातलं २:१० (नियमशास्त्राची एक आज्ञा मोडली तरी सगळ्यांबद्दल दोषी) काढून म्हणाली, आमच्यात सगळी पापं सारखीच. मग स्वतःच थांबली, म्हणाली, पण घटस्फोट झालेल्या बाईबद्दल आमच्याकडेही कुजबुज होते, लोभी माणसाबद्दल कुणी बोलत नाही. जे पाप आपल्या हातून होत नाही तेच आपल्याला मोठं वाटतं गं, दोघींनाही ते पटलं.

कंपनीला मेल केलाय की रंग काढा, निदान त्या तीन अटी तरी विचारा. अजून उत्तर नाही. तोवर घेणाऱ्यांनी सेटिंगमध्ये 'साधी यादी' निवडा, त्यात लेबलं दिसत नाहीत, प्रश्न तेवढे राहतात. मी तसंच वापरतेय, आणि मागच्या शनिवारी फादरांपुढे सगळ्यात आधी बहिणीचं सांगितलं.

५ पैकी ३ स्टार.