प्रोफाइल करून घ्या, पण आधी सासूबाईंना दाखवा

देवगडजवळच्या जामसंड्याच्या पुढे आमची हापूसची बाग आहे. तीन वर्षं मी बागेचे व्हिडिओ इन्स्टाग्रामवर टाकते आहे. मोहोर, फवारणी, झेल्यानं आंबा उतरवणं, आढी घालणं, सगळं. लोक आवडीनं बघायचे, बदाम पाठवायचे आणि मग मेसेजमध्ये विचारायचे, "ताई, तुम्ही आंबे विकता का?" दोनशेच्या वर व्हिडिओ टाकले, तरी पानावर आलेल्या माणसाला मी आंबे विकते हेच कळत नव्हतं.

कणकवलीचा एक मुलगा अशी पानं सुधारून देतो असं कळलं. 4,500 रुपये ठरले, पंधरा दिवसांचा वायदा. संक्रांतीला काम दिलं. त्याच कामाला मी इथे पाचातले तारे देते आहे.

पहिला नमुना बघून मी गप्पच झाले. सगळं फिक्या बदामी रंगात, अक्षरं केसासारखी बारीक, हायलाइटच्या गोलांत सोनेरी रेघांची पानंफुलं. एखाद्या दागिन्यांच्या दुकानाचं वाटावं. बायोत, म्हणजे नावाखालच्या ओळखीत, लिहिलं होतं, "निसर्गाच्या कुशीतली परंपरेची चव". सासूबाईंनी फोन हातभर लांब धरून बघितला. "ह्या काय गो? आंबे खंय मिळतत ता लिव आधी."

मुलगा पडवीतच बसला होता, त्यानं ऐकलं. त्याच्यासाठी एक तारा इथेच देते, कारण तो चिडला नाही. माझा फोन मागून घेतला आणि गेल्या हंगामातले मेसेज वाचत वहीत रेघा मारत बसला. दर काय, पेटी कधी मिळेल, आमच्या शहरात पाठवता का, कच्चे आले तर पिकवायचे कसे. याच चार प्रश्नांपुढे रेघांची गर्दी झाली. "काकी, पान यांच्यासाठी करूया," म्हणाला. तिथून पुढचं काम खरंच चांगलं झालं.

सगळ्यात उपयोगी पडली ती अगदी बिनखर्चाची गोष्ट. पानाचं खातं-नाव, ते सगळ्यात वरचं, रोमन लिपीतच ठेवावं लागतं. पण त्याखालचं ठळक नाव देवनागरीत चालतं, आणि लोक शोधतात तेव्हा तेही शोधलं जातं. तिथं माझं नुसतं नाव होतं. आता नावापुढे "देवगड हापूस, बागेतून" आहे. हे नाव 14 दिवसांत दोनदाच बदलता येतं, म्हणून त्यानं आधी कागदावर चार वेळा लिहून बघायला लावलं. बायोला 150 अक्षरं मिळतात आणि मराठीच्या काना-मात्राही त्यात धरल्या जातात, त्यामुळे निसर्गाची कुशी आपोआपच गेली. गाव, हंगामाचे महिने, कुठल्या शहरांत पाठवतो, बस.

लिंका पाच देता येतात, पण समोर दिसते पहिलीच, बाकीच्या आत दडतात. माझ्या चार होत्या, त्यानं एकच ठेवली. ती दाबली की व्हॉट्सॲप उघडतं आणि "आंबे हवेत. शहर, पिनकोड, किती डझन" एवढं आधीच लिहिलेलं असतं. गिऱ्हाइकानं फक्त भरायचं. पूर्वी एका पेटीसाठी अकरा मेसेज व्हायचे.

वर तीन पोस्ट पिन करता येतात. एक दराची, एक पिकवण्याची (पेंढ्यात ठेवा, फ्रिजमध्ये नको, दाबून बघू नका, वासावरून कळतं), आणि तिसरीसाठी आमचं भांडण झालं. त्याला ड्रोननं काढलेला बागेचा व्हिडिओ हवा होता. मला साक्याबद्दल बोललेला व्हिडिओ, फळ कापून दाखवलेला. बाहेरून सोन्यासारखा आणि आत पांढरा निघालेला आंबा मीच दाखवला, तर पेटीत एखादा तसा निघाल्यावर माणूस शिव्या देत नाही. माझंच खरं ठरलं. ड्रोन खाली कुठेतरी आहे.

2025 च्या जानेवारीत इन्स्टाग्रामनं पानावरचे चौकोन काढून उभे आयत आणले. मी व्हिडिओच्या कव्हरवर अगदी कडेला अक्षरं लिहायचे, त्यामुळे "मोहोर" चं "मोहो" दिसत होतं. त्यानं साठ कव्हरं नव्यानं केली, अक्षरं मध्यावर आणि जाड. बाकीची मीच काढून टाकली.

आता तक्रारी. पंधरा दिवसांचे बेचाळीस झाले. पहिल्या पेट्या जुन्याच पानावरून गेल्या. यूट्यूबचा बॅनर केला त्यात फोन नंबर कोपऱ्यात टाकला. बॅनर टीव्हीवर अख्खा दिसतो, फोनवर मधली पट्टीच. म्हणजे माझा नंबर मामंजींना सोफ्यावरून दिसायचा आणि गिऱ्हाइकाला नाही. सांगितल्यावर सुधारला.

एक तारा कापते आहे तो मात्र दराच्या पोस्टसाठी. चित्रावर दर लिहून दिला, आणि मूळ फाइल त्याच्याच खात्यात. आंब्याचा दर आठवड्याला उतरतो. पाडव्याचा दर अक्षय्य तृतीयेला कोण देणार? दर वेळी याला फोन, "करतो काकी," आणि दोन दिवस. शेवटी मी वहीच्या पानावर मार्करनं दर लिहिला, आंब्याशेजारी ठेवून फोटो काढला आणि तोच पिन केला. त्या सुंदर चित्रापेक्षा या फोटोखाली जास्त लोकांनी विचारलं. हे त्याला सांगितलं तर हसला, आणि दुसऱ्या एका गिऱ्हाइकाला तशीच वही करून दिली म्हणे.

पाचातले चार तारे. काम द्यायचं तर दिवाळीपूर्वी द्या, आणि उरलेले पैसे मूळ फाइल हातात आल्यावरच. आता जून लागला, पेट्या संपल्या. सासूबाई विचारतायत, सुकवलेल्या आंबारसाच्या साठांचा व्हिडिओ वर कधी लावणार.